उतरायचं नाही, चढायचं नाही

"सर, आता थोडे दिवस पोटभर खा," असं हर्षा मॅडम म्हणाल्या, तेव्हा सूर्यभान गावंडेला वाटलं, आपल्याला पुन्हा स्वप्न पडून राहिलं आहे.

तसं वाटण्यात त्याचा दोष नव्हता. वर्षभर तो तोलूनमापून जेवत होता आणि वर्षभर त्याला जेवणाचीच स्वप्नं पडत होती. अमरावतीच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा. फळ्यावर डोंगर काढायला घ्यायचा आणि डोंगराचा हळूहळू आलुबोंडा होत जायचा. सूर्यास्ताचा रंग दाखवताना त्याला वांग्याच्या भाजीवरची तर्री दिसायची. मुलं म्हणायची, "सर, नदी झाली. आता पुढे काय?" आणि सर नदीकडे पाहत उभे. मनात ती नदी कढीची झालेली असायची, काठाकाठाने कढीपत्ता लागलेला असायचा.

"पोटभर म्हणजे?" त्याने सावधपणे विचारलं.

आहारतज्ज्ञ हर्षा मॅडम वयाने त्याच्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या, पण त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलं की त्याचे हात आपोआप मांडीवर जायचे. त्या समजावून सांगू लागल्या. वजन पुष्कळ उतरलं. आता अंग थकलं आहे, थंडी जास्त वाजते, चिडचिड होते, काटाही अडून बसला आहे. अशा वेळी आणखी ओढायचं नसतं. दोन-तीन आठवडे थांबायचं. वजन टिकेल एवढं व्यवस्थित जेवायचं, चालणं चालू ठेवायचं आणि मग पुन्हा पुढे निघायचं.

"ह्याले मेंटेनन्स ब्रेक म्हणतात, सर. उतरायचं नाही, चढायचं नाही. आहे तिथेच राहायचं."

"मांडे चालतील?"

"चालतील. ढीग नाही चालणार."

सूर्यभान बाहेर पडला तेव्हा जानेवारीचं ऊन रस्त्यावर साजूक तुपासारखं पसरलेलं होतं. तो त्यातून तरंगत तरंगत घरी आला.

रागिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "मेंटेनन्स म्हणजे आपले लाइटवाले करतात तसा? सकाळी लाइट बंद, संध्याकाळी चालू?"

"उलटं. वर्षभर लाइट बंद होती. आता चालू."

"मंग आता वांग्याची भाजी करते," ती म्हणाली. गेलं वर्ष तिनेही घरात फोडणीचा वास येऊ न देता काढलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वजन उतरवण्याचा हा कार्यक्रम दोघांनी घराबाहेर कोणालाही कळू दिला नव्हता. याआधी सूर्यभानने दोनदा तसा संकल्प सगळ्या नातेवाइकांसमोर सोडला होता, आणि दोन्ही वेळा नातेवाइकांनी तो हौसेने, ताटात वाढून वाढून मोडला होता. म्हणून या खेपेला अळीमिळी गुपचिळी. त्यामुळे झालं असं की, नातेवाइकांना फक्त परिणाम दिसला. अकोल्याच्या एका लग्नात सूर्यभानचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. गाल आत गेले होते. "काहून वाळला रे?" असं कोणी विचारलं की तो गूढ हसायचा. त्या हसण्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला होता.

दुसऱ्या दिवशी रागिणी भाजीबाजारात वांगी निवडत असताना अकोल्याहून जमुनाबाईचा फोन आला. जमुनाबाई ही सूर्यभानची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे दोन्ही भावांना तिनेच वाढवलेलं.

"सूर्या कसा हाये वं? लग्नात पाह्यला तवापासून माह्या जिवाले घोर लागून राहिला."

बाजूला कोथिंबीरवाला ओरडत होता, मागे कोणाची तरी दुचाकी घुरघुरत होती. रागिणी एका कानात बोट घालून मोठ्याने म्हणाली, "चांगले आहेत, बाई! काल डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर म्हणल्या, आता काही ओढाताण नका करू. जे मन होईन ते खाऊ द्या!"

"काय म्हनते?"

"म्हटलं, आता थांबवलं सगळं! जे पाहिजे ते खाऊ द्या म्हणल्या!"

आणि फोन कटला.

जमुनाबाई फोन हातात धरून ओट्यापाशीच खाली बसली. हे वाक्य तिने आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. तिच्या सासऱ्यांना दवाखान्यातून घरी पाठवलं, तेव्हा डॉक्टरने तिच्या नवऱ्याला, महादेवरावांना, बाजूला घेऊन अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. सासऱ्यांनी त्यानंतर दोन दिवस श्रीखंड खाल्लं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले होते.

पुढच्या दुपारी सूर्यभान गच्चीवर खाटेवर झोपला होता. रविवार होता. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर अशी मर्यादेत राहूनही मनासारखी खाऊन झाली होती. उन्हाचा त्रास नको म्हणून त्याने पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली होती. स्वप्नात तो एका मोकळ्या वावरात पडला होता आणि जमुनाबाई त्याच्या अंगावर मांडे पांघरत होती. मोठमोठे, रुमालासारखे पातळ, उबदार मांडे. एक पायावर, एक पोटावर, एक छातीवर. तुपाचा सुगंध येत होता. आता एक तोंडावर येईल आणि आपण फक्त तोंड उघडायचं, अशा सुखाच्या काठावर तो होता.

"अवं माय वं! उशीर झाला वं!"

त्याने चादर बाजूला केली. समोर खरोखरची जमुनाबाई छाती पिटत उभी होती. हातात डबा. डब्याला मांड्यांचा वास. स्वप्न कुठे संपलं आणि गच्ची कुठे सुरू झाली ते त्याला कळेना. त्याने सवयीने तोंड उघडलं.

"जित्ता हाये!" मागून जिना चढून आलेले महादेवराव म्हणाले. "पानी पाजा त्याले. तोंड उघडलं पाहा."

पाणी नाकात गेलं आणि सूर्यभान खडबडून जागा झाला. "बाई? तुमी कवा आल्या? काय झालं?"

"तुले काय झालं थे सांग," जमुनाबाई त्याचा चेहरा चाचपत म्हणाली. "लपवू नको. रागिणीनं सारं सांगतलं मले."

"मले काही झालं नाही, बाई. मी मुद्दाम वाळलो."

"मुद्दाम कोनी वाळते का रे?" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पाहा, मले वाईट वाटू नये म्हनून कसा बोलून राहिला."

महादेवरावांनी मान हलवली. "धीराचा हाये. माहे वडीलबी असेच म्हनत होते. मले काही झालं नाही."

सूर्यभानने सगळं समजावलं. कॅलरी सांगितली, काटा सांगितला, हर्षा मॅडम सांगितल्या. पण ज्या घरात चार घास उरले तर वाढणाऱ्या बाईचा अपमान होतो, त्या घरात माणूस फी भरून उपाशी राहतो हे कोणाला पटणार? रागिणी धावत वर आली, तिनेही सांगून पाहिलं. जमुनाबाईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तूबी लय सोसलं वं एकटीनं."

संध्याकाळपर्यंत घर भरलं. शेंदूरजनाघाटचा मावसभाऊ पुंजाराम बागेतल्या संत्र्यांचं पोतंच घेऊन आला. पेशंटला संत्री द्यायची असतात हे त्याला माहीत होतं, किती द्यायची ते माहीत नव्हतं. घरात संत्र्यांचा दरवळ सुटला, जमुनाबाईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि सूर्यभानच्या खाटेभोवती वाट्या जमू लागल्या. पाटोडीचा रस्सा. कोथिंबिरीची सांभारवडी. मुगाचा शिरा. वर्षभर ज्यांच्याशी तो फक्त स्वप्नात बोलत होता, ते सगळे एकेक करून उशाशी येऊन बसले होते. तो प्रत्येकातला एक-एक घास घ्यायचा, बाकीचं हाताने दूर सारायचा आणि मनात हर्षा मॅडमचं स्मरण करायचा.

"पाहा, दोन घासांवर आला," महादेवराव दाराशी पुंजारामला हळूच म्हणाले.

आता उद्या सकाळी सगळ्यांना हर्षा मॅडमसमोरच नेऊन उभं करायचं, असं सूर्यभानने मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात जमुनाबाई त्याच्या पायाशी बसत म्हणाली, "गोपालले फोन केला मी. उद्या येऊन राहिला."

सूर्यभानच्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली.

गोपाल हा त्याचा मोठा भाऊ. परतवाड्याला असायचा, बियाण्यांचं दुकान होतं. दोघं भाऊ गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण वावराचं नव्हतं की घराचं. ते एका चित्राचं होतं. वडील गेले त्यांच्या वर्षश्राद्धाला सूर्यभानने महिनाभर खपून त्यांचं मोठं तैलचित्र काढलं होतं. वडिलांचा एकही धड फोटो नव्हता, सगळं आठवणीतून काढलेलं. सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याने चित्रावरचं कापड ओढलं. सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत गोपाल म्हणाला, "हे तं माहे सासरे दिसून राहिले!"

सोयरे हसले. सासरेही तिथेच होते, ते तर खूश झाले. सूर्यभानने चित्र गुंडाळलं आणि जेवणाच्या पानावर न बसता एसटीने परत आला. त्यानंतर गोपालच्या मुलीच्या लग्नाला तो गेला नाही, त्याच्या वास्तुशांतीला गोपाल आला नाही, आणि मग बोलायचं कोणी आधी हेच दोघांना कळेनासं झालं.

"तो स्वतःहून येतो म्हणला?" सूर्यभानने विचारलं.

"मी सांगतलं अन् तो फोनवर गप्पच झाला. मंग म्हने, येतो."

सगळे खाली गेल्यावर रागिणी म्हणाली, "उद्या मॅडमकडे नेणार ना यायले? का गोपालदादा येईपर्यंत असंच पडून राहणार?"

"पडून नाही. आराम करून."

"अहो, तो माणूस तुम्ही मरून राहिले म्हणून येऊन राहिला."

"कशानं का होईना," सूर्यभान आभाळाकडे पाहत म्हणाला, "येऊन तं राहिला."

रागिणीने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी गोपाल आला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज झाला तसं सूर्यभानने डोळे मिटले, मग उघडले, मग अर्धवट मिटले. आजारी माणसाने डोळे किती उघडे ठेवायचे असतात ते त्याला ठरवता येईना. रडण्याच्या भरात गोपालकडे नीट न पाहताच जमुनाबाईने त्याला गच्चीवर आणून सोडलं, पदर डोळ्याला लावला आणि ती खाली गेली.

सूर्यभानने पाहिलं आणि त्याचे डोळे पूर्ण उघडले.

गोपाल म्हणजे दरवाज्यातून आला की खोलीत अंधार व्हायचा असा गडी. लहानपणी सूर्यभान त्याच्या सावलीत बसून चित्रं काढायचा. आणि आता समोर उभा होता तो निम्मा गोपाल. सदऱ्याची कॉलर मानेभोवती फिरत होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलं होतं. गालांची हाडं वर आली होती.

"कसा हायेस?" गोपालने विचारलं.

"बरा हावो. बस ना, दादा."

गोपाल खाटेच्या कडेला बसला. खाली कुकरची शिट्टी झाली. ऊन गच्चीवरून हळूहळू सरकत होतं. मधे मांड्यांची ताटली होती. गोपालने न विचारता एक मांडा उचलला, घडी केली आणि खाऊ लागला. एक संपला. त्याने दुसऱ्याकडे पाहिलं, मग ताटली दूर सारली.

"इतकंच?" सूर्यभान म्हणाला.

"आता इतकंच लागते."

लग्नाच्या पंगतीत ज्याला वाढणारे पाळीपाळीने वाढायचे, तो हा गोपाल. आपण इथे चादर पांघरून दुखण्याचं सोंग करतो आहोत आणि खरं दुखणं याला आहे. घरात कोणाला सांगितलं नसणार. कधीच सांगायचा नाही. शेवटचं भेटायचं म्हणून आला असणार; शेवट आपला नव्हे, त्याचा. इतकी वर्षं आपण एका चित्राला कवटाळून बसलो.

तो ताडकन उठून बसला. चादर खाली पडली.

"दादा, मले काही झालं नाही. आजारी नाही मी. वजन कमी करून राहिलो वर्षभरापासून. पायजे तं आत्ता खाली चाल, जिना धावत चढून दाखवतो. मी खोटं पडून होतो, तू यावं म्हणून. मले शिव्या दे, पण तुले काय झालं थे खरं सांग. नागपूरले जाऊ, मुंबईले जाऊ. मी येतो संगं. कधीपासून हाये हे?"

गोपालने तुपाचे हात सावकाश पुसले.

"तुले झालं थेच मले झालं."

"म्हणजे?"

"हर्षा मॅडम."

सूर्यभान त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"गुडघे दुखत होते," गोपाल म्हणाला. "डॉक्टर म्हने वजन उतरवा. परतवाड्यात केलं असतं तं सारा बाजार हसला असता. म्हनून जिपड्यात बसून अमरावतीले येतो. घरी सांगतो, बियान्याच्या कामाले चाललो. एका दिवशी मी बाहेर बाकड्यावर बसून होतो अन् आतून तू निघाला. मी पेपर तोंडावर धरला. तू गेल्यावर मॅडम म्हने, काका, पेपर उलटा हाये."

"तुले माहीत होतं?"

"तवापासून दर खेपेले बाकड्याच्या कोपऱ्यात बसून पाहत होतो, तू किती उतरला थे. मंग मीबी जोर लावला." गोपाल जरा लाजला. "तुह्यापेक्षा मागं कसा राहू?"

"अन् आता?"

"आता माहाबी ब्रेकच चालू हाये. म्हनून तं मांडा खाल्ला."

सूर्यभानला हसू आलं. मग एकदम त्याच्या लक्षात आलं. "मंग आला काहून? मी मरत नाही हे तुले पक्कं माहीत होतं तं?"

गोपालने गच्चीच्या कठड्याकडे पाहिलं. "बाईचा फोन आला. रडून राहिली होती. मी सांगनारच होतो, अवं त्याले काही नाही झालं. मंग म्हटलं, सांगतलं तं जानं राहून जाईन. तू असा धडधाकट. तुले खरंच काही होईन अन् मंग मी येईन म्हटलं, तं माहीच गाडी आधी वर निघाची. इतकं चांगलं निमित्त पुन्हा कवा भेटलं असतं?"

खालून जमुनाबाई ओरडली, "बोलून राहिला का रे थो?" गोपाल ओरडला, "बोलून राहिला!" आणि तिने खालीच मोठ्याने देवाचं नाव घेतलं.

ऊन आता तिरपं झालं होतं. ते गोपालच्या एका गालावर पडलं होतं. गालाचं हाड, त्याखालची खोलगट सावली, हनुवटीचा कोपरा. हे सगळं इतकी वर्षं मांसाखाली दडून बसलं होतं. सूर्यभान पाहतच राहिला. त्याला वाटलं, आपण पुन्हा झोपेत आहोत आणि वावरातून परत आलेले बाबा खाटेच्या कडेला टेकले आहेत.

"दादा, हलू नको."

"काहून? माशी हाये का?"

"हलू नको फक्त."

तो खाली धावला. मरणाला टेकलेला सूर्यभान दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला, सर्वांच्या मधून गेला, कपाटातून कागद आणि कोळसा घेऊन तसाच धावत वर गेला. महादेवरावांच्या हातातला चहा सांडला. पुंजारामने सोललेलं संत्रं शांतपणे स्वतःच्या तोंडात टाकलं. जमुनाबाई रागिणीकडे वळली आणि रागिणीने मग तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तिला ते ऐकावंच लागलं, कारण पुरावा आत्ताच जिन्यावरून गेला होता.

"माह्या रडन्याचं काय मंग?" जमुनाबाईने विचारलं. ती चांगलीच रागावली होती. त्या रागातच तिने सगळ्यांसाठी रोडगे लावले.

गोपाल दुसऱ्या दिवशी परत जाणार होता, तो गेला नाही. सूर्यभानने त्याला सोडलंच नाही. कोळशाचं चित्र झालं, आता रंगातलं करायचं होतं. शाळा सुटली की तो गच्चीवर यायचा, गोपालला त्याच कडेला, त्याच उन्हात बसवायचा. हर्षा मॅडमना फोन करून दोघांनी विचारलं की हे ब्रेकचं प्रकरण चित्र होईपर्यंत चालू ठेवता येईल का. एक ग्रॅम उतरला तर गाल बदलतो, एक चढला तर सासरे परत येतात, असं सूर्यभानचं म्हणणं पडलं. मॅडम खूप वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, इतकं मनापासून वजन टिकवणारे पेशंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

चित्र संपत आलं त्या दुपारी जमुनाबाई चहा घेऊन वर आली. अकोल्याला जाण्याआधी ती भावांवरचा राग संपवून जाणार होती. सूर्यभान बाजूला झाला. तिने चित्राकडे पाहिलं. पाहत राहिली. कुठल्या तरी जुन्या दुपारी उभी असल्यासारखी ती उभी होती. मग तिने वाकून कपबशी चित्रासमोर ठेवली आणि हळूच म्हणाली, "बाबा, चहा."

सूर्यभानने हातातला कुंचला खाली ठेवला.

"बाई," गोपाल, ज्याला हलायची मनाई होती, ओठ न हलवता म्हणाला, "थो निवून जाईन. इकडे दे."